पहिल्या चुकीनंतर

देवास गेटपाशी पोह्यांच्या गाडीवर शरच्चंद्रनं प्लेट हातात घेतली, वरून जीरावन मसाला जरा जास्तच भुरभुरवून घेतला, पहिला घास तोंडाशी नेला आणि नेमका तेव्हाच खिशातला फोन थरथरला. घास तोंडात गेला, पण चव लागली नाही. कारण डाव्या हातानं फोन काढून त्यानं तोवर वाचलंही होतं: ‘तुमच्या नव्या बदलामुळे माझ्या वर्गातली एक मुलगी काल तास सोडून निघून गेली.’ खाली इशिता असं नाव होतं. ही इशिता शेजारच्या देवास गावी एका शाळेत मुलींना कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायला शिकवते आणि नवे बदल सगळीकडे जाण्याआधी तिच्या वर्गात वापरून पाहतात, एवढं त्याला ठाऊक होतं. पाहिलेलं नव्हतं कधी. सोबत तिनं त्या मुलीच्या स्क्रीनचा फोटो धाडला होता. वरपासून खालपर्यंत लाल ओळी. इथे चुकलं, इथे चुकलं, इथेही चुकलं. मुलीनं लिहिलेल्या प्रत्येक ओळीखाली लाल ओळींची रांग, आणि लाल ओळींचे शब्द शरच्चंद्रचे. त्यानंच बसवले होते ते, मोठ्या हौसेनं, एकेक शब्द निवडून. बसस्टँडवरून इंदूरच्या बसवाल्याची आरोळी येत होती, कढईत जिलबी चुरचुरत होती, आणि भर बाजारात कुणीतरी आपला कान धरावा तसा तो उभा राहिला. पोहेवाला म्हणाला, “क्या हुआ बाबूजी, मिर्ची तेज हो गई क्या?” शरच्चंद्र म्हणाला, “नहीं भैया, पोहे तो बढ़िया हैं.” आणि अर्धी प्लेट तशीच ठेवून निघाला. पोहेवाल्यानं ती प्लेट उचलून त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू दुखणं पोह्यांनाच झालंय.

माधव नगरचं घर तसं फार लांब नाही, पण आज त्याचे पाय रेंगाळले. नोकरीतून निवृत्त झाल्यावर लोक देवळात बसतात, नाहीतर मुलाकडे जाऊन नातवंडं सांभाळतात. याच्या हाती लागला तो मुलानं, विक्रांतनं, मागे ठेवलेला जुना लॅपटॉप. त्यावर शिकता शिकता तो ‘पाटी’पर्यंत पोचला. पाटी ही शाळेतल्या मुलांसाठी केलेली प्रोग्रामिंगची भाषा. तिच्यात मराठीत लिहा, हिंदीत लिहा, चालतं. ती कुणा कंपनीची नाही. पुण्याचा मंदार नावाचा एक तरुण तिचा कारभार पाहतो, आणि जगात कुठंही बसलेल्या माणसानं तिचं पोट उघडून पाहावं, सुधारावं, सुधारणा पाठवावी. पटली तर मंदार ती आत घेतो. शरच्चंद्रच्या वाट्याला तिचा पुढचा भाग आला होता. म्हणजे मुलानं लिहिलेलं जो आधी वाचतो, अक्षराला अक्षर जोडून शब्द करतो, शब्दाला शब्द जोडून अर्थ लावतो आणि जमलं नाही तर कुठे अडलं ते सांगतो, तो भाग. मशीनच्या बोलीत भाषांतर करणारं मागचं अवघड यंत्र दुसऱ्यांचं. याचं काम फक्त वाचायचं. हे काम आपल्याला मिळावं याचं त्याला इतकं हसू यायचं आणि इतका आनंद व्हायचा, की कधी कधी स्वयंपाकघरात जाऊन तो उगाच मंगलाला म्हणायचा, “मी आज मशीनला वाचायला शिकवलं.” मंगला, त्याची बायको, भाजी चिरता चिरता म्हणायची, “आधी तुम्ही किती वर्षांनी शिकलात ते सांगितलंत का त्याला?”

कारण तो स्वतः मिसरूड फुटल्यावर शिकला होता. वडील आचारी. रामघाटावर श्राद्धाला येणाऱ्या मराठी यजमानांचा स्वयंपाक करायचे, आणि पोरगा बरोबर झारे-पळ्या घेऊन. नदीवर सकाळचा थंड वारा, ओल्या धोतरातले यजमान, पिंडांवर टपलेले कावळे, आणि चुलीच्या धुरात डोळे पुसत बसलेला तो. त्याला शाळेत घालायचं राहूनच गेलं. कुणी ठरवून ठेवलं नाही, राहिलं. मग वडिलांना एकदा वाटलं, घालावा, आणि एवढा थोराड पोरगा चिमुरड्यांच्या रांगेत नेऊन बसवला. ते मास्तर आजही त्याला नीट दिसतात, म्हणजे चेहरा नाही, हातातली पट्टी दिसते. फळ्यावरचं पहिलं अक्षर तो चुकला. पट्टी आपटली. तेवढ्यानं पुढचं अक्षर, जे त्याला पक्कं येत होतं, तेही चुकलं. मग त्याच्या पुढचं. मास्तर प्रत्येक अक्षराला नव्यानं म्हणत, हेही चुकलं, हेही येत नाही, आणि समोरची पोरं बोटांवर मोजत होती. घाटाकडे पळता पळता त्याला एवढंच कळलं होतं, की पहिली चूक त्याची होती. बाकीच्या भीतीच्या होत्या. मधल्या सुट्टीनंतर तो त्या शाळेत परत गेला नाही.

आणि आता फ्रीगंजच्या पुलाखालून येताना त्याच्या खिशात, काचेच्या आत, तीच पट्टी होती. त्याला ते इतकं स्पष्ट दिसलं की तो वाटेतच थांबला आणि मागून येणाऱ्या ई-रिक्षावाल्यानं हॉर्नवर हात दाबून धरला. त्यानं फोटो पुन्हा पाहिला. त्या मुलीनं रांगोळी काढायचा प्रोग्राम लिहिला होता. ठिपके, ठिपक्यांतून गोल, गोलातून पाकळ्या. पहिल्याच ओळीत एक कंस उघडून बंद करायची राहिली होती. बस. बाकी सगळं बरोबर. पण त्या एका कंसामुळे पाटीनं तिच्या प्रत्येक ओळीला नावं ठेवली होती. पूर्वी पाटी पहिल्या चुकीपाशीच तोंड फिरवून बसायची, पुढचं वाचायचीच नाही. ते शरच्चंद्रला दुष्टपणाचं वाटायचं; बिचाऱ्या मुलाला आपलं पुढचं लिहिलेलं कुणी वाचलंच नाही असं वाटतं. म्हणून त्यानं थंडीभर खपून असा बदल केला होता, की चूक सापडली तरी पाटीनं पुढे वाचत राहावं. पुढे वाचत राहिली ती. बोलतही राहिली.

घरी आल्या आल्या मंगलानं त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं. “जीरावन सांडलंय. डॉक्टरांनी तळलेलं बंद सांगितलं होतं ना?”

“पोहे तळलेले नसतात.”

“आणि त्यावरची सेव? ती काय उकडलेली असते?” मग त्याचा चेहरा पाहून ती थांबली. “काय झालं? पोहे सोडून आलात वाटतं. तुम्ही पोहे सोडून येता म्हणजे नक्कीच काहीतरी गडबड आहे.”

त्यानं सांगितलं नाही, कारण तेवढ्यात मंदारचा फोन आला. आजवर दोघांचं जे काही बोलणं ते लिहून, आणि लिहिताना याचं नाव नुसतं ‘शरद’. आवाज पहिल्यांदाच ऐकत होता. आवाज तरुण, घाईतला, पण गोड. “शरद भाऊ, इशिताचं पाहिलंत ना? नवी आवृत्ती आज संध्याकाळी बाहेर काढायची आहे. पुष्कळ शाळांत एकदम जाईल. दुरुस्ती जमते का बघा. नाही जमली तर तुमचा बदल आत्ता काढून ठेवतो, जुनंच जाऊ दे. मग पुढच्या वर्षी पाहू.” शरच्चंद्र ‘बरं’ म्हणणार तोच मागून मंगला ओरडली, “अहो, प्रेशरची गोळी घेतली का?” मग मंदार म्हणाला, “भाऊ, आई का?” शरच्चंद्र म्हणाला, “बायको.” मंदार म्हणाला, “अच्छा, अच्छा,” आणि दुसऱ्या ‘अच्छा’त त्यानं मनातल्या मनात शरद भाऊंचं वय वर सरकवलेलं स्पष्ट ऐकू आलं. एरवी शरच्चंद्र हसला असता. आज त्याच्या डोक्यात फक्त ‘जुनंच जाऊ दे’ फिरत होतं. जुनं म्हणजे पहिल्या चुकीला पुस्तक मिटणारं. नवं म्हणजे पट्टी आपटत सुटलेलं. या दोहोंतलं कुठलंही एक आज संध्याकाळी गावोगावच्या मुलींसमोर जाऊन बसणार, आणि दोन्हीही मुलांना पळवून लावणारे मास्तरच.

तो खिडकीपाशी बसला आणि माईंना आठवू लागला. हे आठवणं म्हणजे त्याची जुनी सवय. काही अडलं की तो माईंकडे जाऊन बसतो, त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी. माई घाटाजवळच राहायच्या, नवरा पोस्टात होता. एकदा श्राद्धाच्या सामानाच्या पुड्या त्यानं अदलाबदल करून दिल्या, कारण वर लिहिलेलं वाचता आलं नव्हतं. माईंच्या ते लक्षात आलं, पण त्या बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून म्हणाल्या, स्वयंपाक आटपला की माझ्याकडे येत जा, मला वाचून दाखव, माझे डोळे दुखतात. डोळे चांगले ठणठणीत होते. त्या ओसरीवर कापूस घेऊन मांडीवर वाती वळायच्या आणि तो समोर बसून वाचायचा. तळहात मांडीवरून घसरायचा, सुर्र, की एक वात. सुर्र, दुसरी वात. तो चुकला की हात थांबायचा. माई एकदाच बरोबर शब्द सांगायच्या, हळू आवाजात, वर न बघता. मग गप्प. त्या गप्प बसण्यातच तो वाचायला शिकला. पुढे लायसन्सच्या कागदांपासून टेलिफोन खात्याच्या परीक्षेपर्यंत जे जे वाचलं, ते कानात ती सुर्र घेऊन वाचलं. माई ओळ संपेपर्यंत गप्प बसायच्या, हे त्याला आठवलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. सोपं आहे. एक चूक सांगितली की ओळ संपेपर्यंत पाटीनं गप्प बसावं.

त्यानं तसं लिहिलं. बोटं खुशीत चालली. मग त्या मुलीचा रांगोळीचा प्रोग्राम घातला. पाटी पहिली चूक बोलली, ओळभर गप्प बसली आणि दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी पुन्हा बोलली. तिसऱ्या ओळीला पुन्हा. लाल रंग किंचित कमी झाला होता, एवढंच; पट्टी आता अक्षराला नाही, ओळीला आपटत होती. शरच्चंद्र बघत राहिला. दुपार कलली होती, बाहेर गल्लीत गॅसवाला सिलिंडर वाजवत जात होता, आणि त्याला वाटलं की माईंनी आपल्याला फसवलं. किंवा आपण माईंना नीट आठवलंच नाही. इतकी वर्षं ज्यांच्या जोरावर जगलो त्यांचं शिकवणंही आपण अर्धंच घेऊन आलो. ही जाणीव लाल ओळींपेक्षा जास्त टोचली.

मंगला चहा घेऊन आली. ती माईंचीच मुलगी. तो ओसरीवर वाचायचा तेव्हा आतल्या दारापाशी उभी राहून, तोंडाला परकराचा सोगा लावून ती हसायची, आणि पुढे सगळ्या गोष्टी त्या हसण्यावरूनच झाल्या. शरच्चंद्रनं तिला समोर बसवलं आणि कंस, मुलगी, मंदार, संध्याकाळ असं सगळं एका दमात सांगितलं. तिनं ते भाजीवाल्याचा हिशोब ऐकावा तसं ऐकलं.

“माई चूक झाली की ओळ संपेपर्यंत गप्प बसायच्या ना?” त्यानं विचारलं.

“ओळ संपेपर्यंत? कोण म्हणालं?”

“मीच म्हणतोय. मी समोर होतो.”

“तुम्ही समोर होतात, पण मान खाली घालून. वर बघायची कुठे हिंमत होती तुमची. मी दारातून आईचा हात बघायचे.” तिनं बशी खाली ठेवली. “ओळीचा काही संबंध नव्हता. तुमचं चुकलं की ती हातातली वात टाकून द्यायची. अर्धी वळलेली. बाजूला टाकायची, ती पुन्हा उचलायची नाही. मग नवा कापूस घ्यायची आणि नुसता धरून बसायची. तुम्ही दोन-तीन शब्द बिनचूक वाचलेत की हात परत चालू. मधे तुम्ही कितीही अडखळलात तरी बोलायची नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, ‘पोरगा अजून पडलेलाच आहे, उठून चालायला लागू दे, मग पुढचा खड्डा दाखवू.’”

“अर्धी वात टाकून द्यायच्या?”

“मग काय तुमच्यासाठी धरून ठेवणार? घरात कायम अर्ध्या वातींचा ढीग. मी गोळा करायचे. वर्षभर आमच्या घरचा दिवा तुमच्या चुकांवर जळलाय.”

शरच्चंद्र चहा प्यायला विसरला. टाकून द्यायच्या. हेच राहिलं होतं. पाटी गप्प बसत होती, पण तिनं टाकून काहीच दिलं नव्हतं. पहिल्या ओळीतला न मिटलेला कंस ती तळहातावर धरून बसली होती, येईल, येईल, अजून मिटेल, आणि म्हणून पुढे आलेली प्रत्येक गोष्ट तिला अवेळी आलेली वाटत होती. पाकळी आली तरी हिची नजर त्या कंसाच्या वाटेवर. आणि याची तर त्याला आधीपासूनच ओळख होती. तो नोकरीला होता त्या जुन्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये, त्या लांबलचक खोलीत, जिथे पहाटेपासून फोन जोडणारी हजारो पितळी बोटं खडखडत वर चढायची, एकेका आकड्याला एकेक पायरी, तिथे कुणा गिऱ्हाइकानं रिसीव्हर नीट ठेवला नाही की एक बोट अधांतरी अडकून राहायचं. कुणीच बोलत नाही, कुणीच ठेवत नाही, आणि ते बोट वाट पाहतंय. मागचे सगळे फोन मग वेडेवाकडे लागायचे. नवे लोक सर्किट तपासत बसायचे. शरच्चंद्र नुसता रांगेतून चालत जायचा, गप्प असलेल्या जागी थांबायचा आणि ते बोट हातानं सोडवायचा. टक्. ते खाली घरंगळत यायचं, आणि सगळी खोली पुन्हा नीट खडखडायला लागायची. त्या आवाजात केवढं सुख होतं, हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. एवढ्या मोठ्या गावात कुणीतरी कुणाशी तरी आता नीट बोलू शकेल, असं ते सुख.

त्यानं पाटीला सोडायला शिकवलं. चूक दिसली की एकदा सांग. मग ज्याची वाट पाहत होतीस ते सोडून दे, पुन्हा उचलू नकोस. नव्या ओळीच्या सुरुवातीला ये, नवा कापूस घे. आणि लागोपाठ तीन शब्द जागच्या जागी बसेपर्यंत तोंड उघडू नकोस. मधे अडखळली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. लिहिताना त्याला मधूनच हसू येत होतं. मंगला समोरच बसून तांदूळ निवडत होती. महाकालाकडून येणाऱ्या वाऱ्यावर आरतीच्या नगाऱ्याचा आवाज आला की नुसता भास झाला, हे त्याला कळलं नाही. त्यानं मुलीचा प्रोग्राम घातला.

एक लाल ओळ आली. ‘इथे उघडलेला कंस बंद करायचा राहिलाय.’ त्याच्याखाली काही नाही. तो वाट पाहत राहिला. खाली सगळी मोकळी जागा, पांढरी, शांत. ही शांतता त्याच्या ओळखीची होती, माईंच्या ओसरीवरची.

“एवढंच?” मंगला मान वळवून म्हणाली. “दिवसभर खपून एक ओळ?”

“तेच तर.”

त्यानं बदल मंदारकडे पाठवला. थोड्या वेळानं मंदारचा फोन आला, आणि या वेळी पहिला शब्दच बदललेला होता. “काका, चाललं. सगळ्या तपासण्या पास झाल्या. आत घेतो. पण गंमत म्हणजे ही युक्ती फार जुनी आहे, माहीत आहे ना? पूर्वीच्या भाषांच्या कंपायलरांतही असंच करायचे, तीन शब्द नीट आल्याशिवाय पुढची चूक सांगायची नाही. मला आधीच सुचायला हवं होतं. तुम्ही कुठं वाचलंत?”

“वाचलं नाही. घरात होतं.”

मंदारला काही समजलं नसावं, पण तो हसला, आणि शरच्चंद्रला आपली युक्ती जुनी निघाल्याचं जराही वाईट वाटलं नाही. उलट त्याला वाटलं, कुठल्या कुठल्या देशांतल्या कुणा अनोळखी माणसांच्या घरीही अशाच कुणीतरी वाती टाकून दिल्या असतील. त्यांचे ढीगही कुणीतरी गोळा केले असतील.

दिवेलागणीला इशिताचा निरोप आला. मुलीला परत बोलावलं होतं, नव्या पाटीवर बसवलं होतं. तिनं कंस मिटला आणि रांगोळी निघाली. खाली फोटो. काळ्या पडद्यावर ठिपके, त्यांतून गोल, आणि गोलातून एक एक पाकळी, पांढरी आणि गुलाबी. शरच्चंद्रनं फोन मंगलापुढे धरला. देवापुढे दिवा लावून ती नुकतीच उठली होती, बोटांना तेल होतं, म्हणून तिनं हात मागे बांधले आणि मान पुढे काढून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“ही खालची पाकळी तिरकी गेलीय,” ती म्हणाली. “तुमच्या मशीनला दिसलं नाही का?”

“मशीनला लिहिलेलं कळतं, रांगोळी नाही कळत.”

“मग कळवा त्या पोरीला. एक ठिपका सुटलाय. आणि इकडे वरच्या बाजूला पण...”

शरच्चंद्रनं तिच्या तोंडासमोर तळहात धरला. तिनं त्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि तिचे ओठ आधी हलले, मग मिटले, मग एकदम तोंडाला पदर लावून ती हसायला लागली, दारात उभी राहून हसायची तशी. त्यानं इशिताला लिहिलं, ‘रांगोळी फार सुरेख. तिला म्हणावं, आता दुसरी काढ.’ आणि फोन बाजूला ठेवून दोघं दिव्याच्या उजेडात गप्प बसून राहिले.